‘इतर’ या रकान्यातून

प्रति,
सातपुड्यात आरोग्यावर संशोधन करायला येणाऱ्या संस्था, विद्यापीठं आणि वैद्यकीय महाविद्यालयं,
तसंच त्यांच्या प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सर्व सदस्य यांना,

नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला, पावरा आदिवासी. बी.ए. करून गावी परतलो. शेती करतो आणि गेली दहा-बारा वर्षं दुभाष्याचं काम करतो. तुमच्यापैकी कोणाची टीम यायची असली की फोन येतो, ‘दादा, पावरी बोलणारा माणूस पाहिजे, चार दिवसांचं काम आहे.’ मी जातो. चार दिवसांची हजेरी मिळते. पुढे अहवालात ‘स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने’ अशी एक ओळ छापतात म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की त्यातला एकही अहवाल मी अजून पाहिलेला नाही.

हे पत्र लिहायचं खूप दिवस मनात होतं. निमित्त झालं ते एका प्रश्नाचं.

दोन वर्षांपूर्वी मका काढणीच्या दिवसांत एक टीम आली होती. टॅबलेटवर प्रश्न होता, ‘तुमचं मागचं बाळंतपण दवाखान्यात का झालं नाही?’ खाली पाच पर्याय : दवाखाना लांब आहे, खर्च परवडत नाही, घरच्यांनी जाऊ दिलं नाही, गरज वाटली नाही, इतर. बाई दारात बसून कणसं सोलत होती. हात न थांबवता ती सांगू लागली. मागच्या वेळी दिवस भरले तेव्हा नवरा आणि दीर गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. घरात सासू, तिला संध्याकाळनंतर दिसत नाही. दोन लहान पोरं, सात शेळ्या. आशाताई म्हणाली, आठ दिवस माहेरघरात येऊन राहा. ‘मी राहिले असते की. पण रात्री शेळ्या आत कोण बांधणार? त्याच्या आदल्या साली बिबट्याने दोन नेल्या.’

मी हे सगळं मराठीत सांगितलं. टॅबलेटवाल्या पोरीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ‘इतर’वर बोट ठेवलं, ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. तिचा दोष नाही. तिला दिवसाला बारा घरं करायची होती, आणि आमच्याकडे दोन घरांमध्ये कधी कधी एक नाला आणि अर्धा डोंगर असतो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माहेरघर ही सरकारी योजना आहे. दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली असते. दिवस भरत आले की बाईने सोबत एखादं माणूस घेऊन तिथे येऊन राहायचं, म्हणजे ऐनवेळी डोंगर उतरायची पाळी येत नाही. योजना चांगली आहे, मी टोमणा मारत नाही. पण ती खोली रिकामी का राहते याचं उत्तर शोधायला आलेल्या कागदावर शेळ्यांना जागाच नव्हती. मग ‘इतर’मध्ये पडलेली सगळी उत्तरं शेवटी ‘जनजागृतीचा अभाव’ या एका पोत्यात भरली जातात, आणि पुढच्या वर्षी पाड्यावर मराठीत छापलेलं एक पोस्टर येतं. पोस्टरवर हसरी बाई, हसरा नवरा, हसरं बाळ. शेळी नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचाच पसारा : प्रश्न ठरवताना आम्हाला बोलवा. उत्तर देताना तर आम्ही असतोच. प्रस्तावात तुम्ही ‘लोकसहभाग’ लिहिता तेव्हा आमच्या वाट्याला बहुतेक वेळा समाजमंदिरातली सतरंजी आणि बिस्किटचा पुडा येतो.

हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. आपल्याच राज्यात जमलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी गोंड लोकांना विचारलं, तुम्हाला कसा पाहिजे? मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं लोकांनी सांगितलं. मग झोपड्यांसारखा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. पुढे गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना त्यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन द्यायलासुद्धा. त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं आणि 2011 पासून देशभरातल्या आशा त्याच धर्तीवर घरी जाऊन बाळ बघतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आमच्या पाड्यावरच्या आशाताईला हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. डोंगराळ भागातल्या अर्धशिक्षित बाईला संशोधनात भागीदार केलं तर काय होतं, त्याचा हा पुरावा तुमच्याच भाषेत, तुमच्याच नियतकालिकात छापलेला आहे.

आता भाषेचं. इथे माझीच चूक आधी कबूल करतो.

तुमचं संमतीपत्र चार पानांचं असतं. मराठीत असतं, पण ती मराठी मलाही दोनदा वाचावी लागते. ‘सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता.’ मी दारात उभा, ऊन चढलेलं, म्हातारी माझ्याकडे बघतेय, टीमचा सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय. त्या चार पानांचं मी किती वेळा तीन वाक्यांत उरकलं असेल : हे डॉक्टरांकडून आलेत, तब्येतीचं विचारतील, अंगठा द्या. ‘नाही म्हणालात तरी चालेल’ हे चौथं वाक्य दर वेळी बोललोच असेन असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कोणी तपासलंही नाही. नैतिकता समितीने ज्या कागदाला मंजुरी दिली तो कागद पाड्यावर कधी पोचलाच नाही. पोचलो तो मी.

प्रश्नांचंही तेच. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज.’ आमच्याकडची म्हातारी माणसं आठवडा बाजारावरून मोजतात. तेव्हा मी विचारतो, मागचे दोन बाजार झाले त्यात. ‘उदास’साठी काय म्हणायचं हे मी दर वेळी वेगळं ठरवतो. कधी ‘जीव लागत नाही’ अशा अर्थाचं काही, कधी ‘जेवण गोड लागत नाही’ असं. एका टीमसोबत मी एक शब्द वापरला आणि पलीकडच्या डोंगरावर माझ्या चुलतभावाने दुसरा. दोघांची उत्तरं एकाच तक्त्यात बेरीज होऊन बसली असतील. धुळे-जळगावकडची अहिराणी बोलणारी पोरं आली तर थोडंफार जुळतं, पुण्या-मुंबईची आली तर सगळी भिस्त माझ्यावर. तुम्ही यंत्राचं कॅलिब्रेशन करता, वजनकाटा दर सकाळी तपासता, ते चांगलंच. दुभाष्या कोणी तपासत नाही.

एवढं करा. प्रश्नावली पावरीत किंवा भिलोरीत आधी बसून तयार करा, इथल्या तीन-चार बायांसोबत. मग ती न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत आणा. किती सुटलं, किती वाढलं ते तिथेच कळेल. याला चार दिवस पुरत नाहीत, महिना लागतो. तो महिना अंदाजपत्रकात धरा.

अंगठ्याबद्दलही बोललं पाहिजे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून आमच्या माणसाला एवढं पक्कं कळलंय की अंगठा दिला तर काहीतरी मिळतं आणि नाही दिला तर काहीतरी बंद होतं. रेशन, बँक, घरकुल, सगळीकडे अंगठा. तुम्ही शाईचा डबा पुढे केला की म्हातारा नाही म्हणेल कसा? त्याच्या लेखी ती संमती नसते, हजेरी असते.

आणि ज्यांच्या वतीने दुसरेच सही करतात त्यांचं काय? 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्मममध्ये दोन हजारांहून जास्त संमतीपत्रांवर पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, ती आज जगभर देतात. पण आमच्या आश्रमशाळांमध्ये शेकडो पोरंपोरी राहतात, आईबाप ऊसतोडीला, आणि मुख्याध्यापकांची एक सही मिळवणं फार सोपं असतं. खम्ममचं नाव समितीच्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी निघायला हवं.

रक्ताची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. भिल्ल, पावरा समाजात सिकल सेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे, त्यामुळे रक्त तपासायला येणारे बरेच. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने 2047 पर्यंत सिकल सेल संपवायची मोहीम जाहीर केली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. तपासणी हवीच. माझ्या मामेभावाच्या पोरीचं रक्त मात्र त्याही आधी एका अभ्यासात घेतलं होतं. काही महिन्यांनी एक कार्ड आलं. ते तिच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराच्या वाशात खोचून ठेवलं, जिथे सातबारा आणि रेशनकार्ड असतं तिथेच. कार्डावर दोन इंग्रजी अक्षरं होती, ‘ए’ आणि ‘एस’. याचा अर्थ पोरगी वाहक आहे. तिला स्वतःला आजार नाही. फक्त जोडीदारही वाहक निघाला तर त्यांच्या प्रत्येक बाळाला हा आजार व्हायची शक्यता चारात एक. हे दोन मिनिटांत सांगता येतं. पण सांगायला कोणी आलं नाही. पाड्यावर बातमी पसरली की पोरीच्या रक्तात खोट आहे. ठरत आलेलं लग्न मोडलं. मी दोन वर्षांनी ते कार्ड वाचलं आणि अर्थ सांगितला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरीने एवढंच विचारलं, ‘मग माझं उरलेलं रक्त कुठे आहे?’

मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर वाचताना अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांबद्दल कळलं. ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणारी छोटी जमात. 1990 च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं गेलं, आणि ते मानसिक आजार, रक्ताच्या नात्यातली लग्नं, त्यांचे पूर्वज कुठून आले, असल्या भलत्याच विषयांवरच्या अभ्यासांना वापरलं गेलं. लोक कोर्टात गेले. 2010 मध्ये विद्यापीठाने तडजोड केली, भरपाई दिली आणि उरलेलं रक्त परत केलं. मामेभावाच्या पोरीने हे काहीच वाचलेलं नव्हतं, तरी प्रश्न नेमका तोच विचारला. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर 2017 मध्ये स्वतःची संशोधन-संहिताच लिहिली : आमच्याकडे यायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी एवढं घेऊन या. रानात राहणाऱ्या माणसांनी विद्यापीठांना नियमावली दिली. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मोसमाचं पटकन सांगतो. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात ते होळीच्या तोंडावर भरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोरांसकट गुजरातेत. जानेवारीत येऊन ‘घर बंद’ लिहून गेलात की सर्वांत गरजू तेच तुमच्या मोजणीतून निसटले. कुपोषण बघायला दंडघेर मोजायची पट्टी घेऊन तुम्ही पाड्यावर, आणि ते लेकरू उसाच्या फडात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत या. सगळे आलेले असतात, खिशात दोन पैसे आणि बोलायला सवड असते.

चांगलं काही घडलंच नाही असंही नाही. एक विद्यार्थिनी आली होती, बाळंतपणातल्या उशिरावर अभ्यास करायला. तिने आधी काहीच विचारलं नाही. दोन महिने राहिली, भाकर थापायला शिकली, वाईट थापायची. मग तिने, दोन आशाताईंनी आणि मी मिळून ठरवलं की कळ सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायची. हजेरीच्या रजिस्टरची मागची पानं. निघायचं कधी ठरलं, बाईला उचलून न्यायची झोळी कधी बांधली, खांदा द्यायला माणसं कधी जमली, फोन कधी लागला, गाडी कुठवर आली. पुस्तकात तीन उशीर सांगितलेत : निर्णयाचा, रस्त्याचा आणि दवाखान्यातला. आम्हाला त्यांच्या मधे बसणारा चौथा सापडला, खांद्यांचा उशीर. झोळीला आळीपाळीने खांदा द्यायला किमान सहा गडी लागतात, आणि पाड्यावर म्हातारे नि पोरं सोडून तेवढे उरलेले नसतात. दुसरं म्हणजे फोन. नेटवर्क एका मोहाच्या झाडाखाली येतं, ते झाड घरापासून पाऊण तास वर. म्हणजे गाडीला फोन लागायलाच तेवढा वेळ गेलेला, आणि तुमच्या नोंदीत घड्याळ सुरू होतं ते फोन लागल्यावर.

ती परत आली, हे मुख्य. ग्रामसभेत रजिस्टर उघडून तिने काय सापडलं ते सांगितलं, मी पावरीत केलं. मागून एक म्हातारी म्हणाली, ‘ज्या निघाल्याच नाहीत त्यांची वेळ कुठेय?’ आम्ही फक्त दवाखान्याकडे निघालेल्यांचीच नोंद ठेवली होती. घरीच राहिलेल्या, त्यातली एक दगावलेली, रजिस्टरमध्ये नव्हत्याच. त्या पोरीने तिथेच वही काढली आणि म्हातारीशेजारी जमिनीवर बसली. एवढ्या वर्षांत पाड्यावर झालेलं खरं संशोधन मी तेवढंच पाहिलं.

नैतिकता समितीच्या सदस्यांना वेगळं विचारायचंय. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तुमच्या समितीत एक सदस्य ‘सामान्य व्यक्ती’ असावा लागतो, म्हणजे डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ नसलेला, लोकांच्या बाजूने बघणारा. तो कोण आहे? निवृत्त बँक अधिकारी, ट्रस्टींचे स्नेही, माजी प्राचार्य? भली माणसं असतील. पण धडगाव-अक्कलकुव्याचे प्रस्ताव ज्या टेबलावर येतात तिथे झोळीला खांदा दिलेला एक तरी माणूस नको का? 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यातले 69 टक्के लोक आदिवासी होते. तुमच्या बैठकीच्या हजेरीपटावर किती आहेत?

त्याच तत्त्वांत निष्कर्ष लोकांपर्यंत परत न्यावेत असंही आहे. तुम्ही अंतिम अहवाल मागता, प्रकाशित लेख मागता. त्यासोबत पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव मागा, की यांनी येऊन काय सापडलं ते आम्हाला आमच्या बोलीत सांगितलं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. त्यांनुसार पाड्यालासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. तेंदूपत्त्याला ग्रामसभा चालते, रक्ताला का नको? मात्र ग्रामसभेने हो म्हटलं म्हणून प्रत्येकाचा अंगठा आपोआप मिळाला असं कोणी समजू नये. पाड्यातही दबाव असतो, कारभाऱ्याने हो म्हटल्यावर सुनेला नाही म्हणता येत नाही. दोन्ही वेगळं विचारा.

आणि आशाताईंचे पैसे द्या. तुमची टीम आली की तीच घरं दाखवते, बायांना बोलावते, भांडण झालं तर मिटवते, तुम्ही गेल्यावर शिव्याही तीच खाते. तिला मिळतं काय, तर फोटो.

पुढची टीम येण्याआधी दोन-तीन पाड्यांवरच्या बायांनी त्यांचे प्रश्न मला लिहून घ्यायला लावलेत. एका वहीत आहेत. ऊस तोडून आल्यावर कंबर का धरते आणि पाळी का बिघडते? तरंगता दवाखाना नर्मदेकाठी येतो, तो आमच्या बाजारच्या दिवशीच का येतो? रक्त वाढायच्या गोळ्या खाल्ल्यावर तोंडाला चव राहत नाही, त्या खाल्ल्या म्हणून नुसतं सांगितलं तर चालतं का? (हा विचारताना सगळ्या हसल्या, आशाताई सोडून.) मोर, बर्टी असलं भरडधान्य खायचो तेव्हा बरं होतं की आता रेशनच्या तांदळावर? आणि शेळ्यांचा आहेच. यातले निदान तीन प्रश्न कुठल्याही विद्यापीठात पीएच.डी.ला पुरतील. वही बघायला या. फोटो काढून पाठवणार नाही.

आपला,
धडगाव तालुक्यातला एक दुभाष्या

ता. क. : तीन वर्षांपूर्वी आमच्या पाड्यावर शाळेच्या ओट्यावर बसून ज्यांनी रक्त घेतलं त्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी. रिपोर्ट अजून आलेले नाहीत. नावांची यादी आशाताईकडे आहे. त्यातली एक म्हातारी वारली, दोन पोरी लग्न होऊन तळोद्याकडे गेल्या, त्यांच्या सासरचा पत्ता मी देईन. बाकीचे होळीला घरी असतील.